तडकलेला बॉयलर आणि झाकली मूठ

मुंबईतल्या नौदल गोदीच्या लायन गेटच्या आत एखादी युद्धनौका पेटली किंवा कलंडली की बाहेर आठवडाभर एकच सूर लागतो. ५ डिसेंबर २०१६ रोजी ‘बेतवा’ गोदीतून बाहेर काढताना आडवी झाली आणि दोन नौसैनिक दगावले, तेव्हा तो लागला. २१ जुलै २०२४ रोजी रिफिटसाठी उभी असलेली ‘ब्रह्मपुत्रा’ पेटली, दुसऱ्या दिवशी एका कुशीवर कलली, एका नौसैनिकाचा जीव गेला, तेव्हाही लागला. सूर लावणारे बहुतेक नौदलाचे हितचिंतकच असतात. काहींनी अर्धे आयुष्य गणवेशात काढलेले असते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : हल्ली जहाजावर पाना कमी आणि कागद जास्त झाला आहे. पंप गळला की संदेश, रडार रुसले की संदेश. पूर्वीचा कप्तान आहे त्या साधनांत निभावून न्यायचा, रडगाणे गायचा नाही. ज्या जहाजाचे बिघाड-संदेश जास्त, त्याचा कप्तान कच्चा. शिवाय आपल्या नौकांवर काय काय मोडले आहे याच्या याद्या करून ठेवायच्या म्हणजे शत्रूची सोय करून द्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ऐकायला हे झकास वाटते. नौदलाच्या इतिहासात डोकावले की मात्र यातले एकेक विधान उताणे पडते.

ज्या संदेशांवर एवढा राग आहे ते असतात तरी काय? ब्रिटिश वळणाच्या नौदलांत, म्हणजे आपल्याकडेही, त्यांना ‘ऑपडेफ’ म्हणतात : जहाजाच्या लढण्याच्या कुवतीवर परिणाम करणारा बिघाड. अमेरिकी नौदल त्यालाच ‘कॅसरेप’ म्हणते आणि त्याला श्रेणी लावते. दुसऱ्या श्रेणीचा बिघाड म्हणजे मुख्य कामगिरीला किरकोळ बाधा, तिसऱ्या श्रेणीचा म्हणजे मोठी बाधा, आणि चौथ्या श्रेणीचा म्हणजे एखादी मुख्य कामगिरी आता या जहाजाकडून होणारच नाही. कोणते यंत्र बिघडले, कोणता सुटा भाग हवा, दुरुस्ती जहाजावरच होईल की किनाऱ्यावरून माणूस लागेल, आणि तोवर जहाजाच्या भरवशावर काय करता येईल व काय नाही, एवढेच त्यात असते. दुरुस्ती झाली की तेही कळवायचे आणि नोंद मिटवायची. एसटीचा चालक संध्याकाळी गाडी आगारात लावताना ‘ब्रेक नरम’ असे लिहून देतो, त्याच जातीचे हे काम. त्याला कुणी रडगाणे म्हणत नाही, कारण सकाळी तीच गाडी दुसरा चालक घाटात घालणार असतो.

निभावून नेण्याच्या परंपरेचा दाखला मागितला की या मंडळींचा हुकमी एक्का ठरलेला असतो : १९७१ ची ‘विक्रांत’. बॉयलर तडकलेला, तरी नौका लढाईला गेली आणि पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्याची नाकेबंदी करून आली. तेव्हा कुणी ऑपडेफ घेऊन बसले असते तर ती मुंबईतच कुजली असती, असा त्यावरचा निष्कर्ष. गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते, आणि गाळलेल्या अर्ध्या भागातच तिचा अर्थ आहे.

जून १९७० मध्ये ‘विक्रांत’ मुंबईच्या नौदल गोदीत आली तेव्हा तिच्या बॉयलरच्या वॉटर ड्रमना आतून भेगा गेलेल्या सापडल्या. धातू थकल्यामुळे पडलेल्या भेगा होत्या त्या. वेल्डिंग करून बुजणाऱ्या नव्हत्या. असे ड्रम भारतात मिळत नव्हते, म्हणून ब्रिटनकडे चार नवे मागवले गेले आणि नौदल मुख्यालयाने सरळ हुकूम काढला की पुढील आदेशापर्यंत बॉयलर पेटवायचे नाहीत. सुमारे सात महिने नौका नुसती उभी होती. या काळात कुणी भेगांवर रंग फासला नाही, ‘चालेल, बघू’ म्हटले नाही. भेगा मोजल्या गेल्या, कागदावर आल्या, वर गेल्या. देशाच्या एकुलत्या एक विमानवाहू नौकेला बंद ठेवण्याचा निर्णय त्या कागदावर झाला.

मग पूर्वेकडे युद्धाचे ढग जमू लागले. नवे ड्रम आलेले नव्हते. फेब्रुवारी १९७१ च्या अखेरीस ‘विक्रांत’ धक्क्यावरून हलवून नांगरावर नेली आणि १ मार्चला बॉयलर कमी दाबावर पेटवले. जागच्या जागी चाचण्या झाल्या, पंख्याचे फेरे मिनिटाला ४० च्या वर नेले नाहीत. त्याच दिवशी विमाने फेकणाऱ्या कॅटापल्टचीही चाचणी झाली. १८ मार्चला नौका समुद्रावर गेली, दोन दिवसांत परतली. एप्रिलच्या अखेरीस पुन्हा गेली. या फेऱ्यांमधून आकडे ठरत गेले : बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला ४०० पौंडांच्या वर जाऊ द्यायचा नाही, पंख्याचे फेरे पुढे जाताना मिनिटाला १२० आणि मागे घेताना ८०, वेग फार तर १४ नॉट. जूनमध्ये खोल समुद्रातल्या चाचण्या झाल्या तेव्हा चालू असलेल्या तीन बॉयलरभोवती सुरक्षेसाठी पोलादी पट्टे आवळलेले होते, आणि कुठे वाफ सुटते आहे का हे दिसावे म्हणून निरीक्षणाच्या खिडक्या बसवल्या होत्या. या सगळ्यातून पार पडल्यावर, जूनच्या शेवटी, १४ नॉटांच्या अटीवर तिला युद्धासाठी मोकळीक मिळाली.

विरोध झाला नव्हता असे नाही. अशी लंगडी नौका बाहेर काढणे धोक्याचे आहे, आणि पाकिस्तानकडे नव्या डाफ्ने जातीच्या पाणबुड्या आहेत, हे आक्षेप त्या वेळीही घेतले गेले. नौदलप्रमुख ॲडमिरल सरदारीलाल नंदा यांना कॅप्टन गुलाब हिरानंदानी यांनी दिलेला सल्ला वेगळा होता : १९६५ मध्ये ही नौका मुंबईत बसून राहिली, पुन्हा तेच झाले तर तिला पांढरा हत्ती म्हणतील आणि नौदलाची हवाई शाखाच मोडीत निघेल. नंदांनी जोखीम पत्करली. पण कोणती जोखीम पत्करतो आहोत हे त्यांना आकड्यांत माहीत होते. म्हणूनच ‘विक्रांत’ पश्चिमेकडे, जिथे शत्रूच्या नव्या पाणबुड्यांचा खरा वावर होता, तिथे न जाता बंगालच्या उपसागरात गेली.

विमानवाहू नौकेचा वेग नुसता पळण्यासाठी नसतो हेही इथे ध्यानात घ्यावे. डेकवरून विमान उडवायला समोरून वारा लागतो, आणि त्यातला बराचसा वारा नौकाच आपल्या वेगाने निर्माण करते. वेग १४ च्या वर जाणार नाही हे पक्के ठाऊक असेल तर विमानात किती इंधन, किती बॉम्ब लादायचे याचा हिशेब आधी बसवता येतो. वेग ‘बहुधा वीसपर्यंत जाईल’ अशा भरवशावर उड्डाणे आखली तर हिशेब चुकल्याचे डेकच्या टोकाशी कळते. ४ डिसेंबर १९७१ रोजी सी-हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर पहिला हल्ला केला, तो अशा बसवलेल्या हिशेबावर. तेव्हा ‘विक्रांत’ ही बिघाड लपवून लढल्याची कथा नव्हेच. बिघाड इतका स्वच्छ कळवला गेला की त्याच्या भोवती अख्खी मोहीम रचता आली, अशी ती कथा आहे. पुढे व्हाइस ॲडमिरल झालेल्या हिरानंदानींनीच नौदलाचा अधिकृत इतिहास लिहिला. आपल्या पूर्वसुरींच्या पराक्रमाला त्यामुळे गालबोट लागले असे आजवर कुणी म्हटलेले नाही.

‘ज्याच्या तक्रारी जास्त तो कप्तान कच्चा’ या दुसऱ्या म्हणण्याची परीक्षा पाहायला पॅसिफिक महासागरात जावे लागेल, कारण तिथे हे तत्त्व जवळपास दोन वर्षे राबवले गेले आणि त्याचा हिशेब लागलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा तिच्या पाणबुड्यांकडे ‘मार्क १४’ हा नवा टॉर्पेडो होता. महाग शस्त्र, म्हणून शांततेच्या काळात ते खऱ्या स्फोटकांसह पुरेसे कधी तपासलेच नव्हते. युद्ध सुरू होताच पाणबुड्यांच्या कप्तानांचे अहवाल येऊ लागले : नेम बरोबर, अंतर बरोबर, तरी टॉर्पेडो जहाजाखालून निघून जातात. वॉशिंग्टनच्या शस्त्रास्त्र विभागाचे उत्तर तयार होते. टॉर्पेडो निर्दोष आहे, तुमचा नेम चुकला. उंटावरून शेळ्या हाकण्याचा याहून चोख नमुना शोधून सापडायचा नाही. समुद्रात शत्रूच्या डेप्थ चार्जखाली बसून आलेल्या माणसाने लिहिलेले खोटे, आणि हजारो मैल दूरच्या टेबलावरचा तक्ता खरा.

ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाशी तळ असलेले रिअर ॲडमिरल चार्ल्स लॉकवुड यांनी शेवटी वाद घालणे सोडून दिले. त्यांनी मासेमारीचे एक जाळे विकत घेतले, ऑल्बनीजवळच्या उपसागरात पाण्याखाली सोडले, आणि २० जून १९४२ रोजी ‘स्किपजॅक’ या पाणबुडीला त्यावर टॉर्पेडो सोडायला सांगितले. १० फूट खोलीवर लावलेला पहिला टॉर्पेडो ८५० यार्डांवरून सुटला. जाळ्याला पडलेले भोक पाण्याखाली २५ फुटांवर होते. पुढच्या नेमांतही तीच रड. विभागाने आधी चाचणीच्या पद्धतीवर खुसपट काढले. मग वरून दट्ट्या बसल्यावर स्वतः चाचणी घेतली आणि ऑगस्टमध्ये कबूल केले की टॉर्पेडो लावलेल्या खोलीपेक्षा सुमारे १० फूट खाली धावतो.

‘स्किपजॅक’चा कप्तान जेम्स को याचे नाव आणखी एका कागदामुळे अजरामर झाले आहे. त्याच्या पाणबुडीने जुलै १९४१ मध्ये शौचालयाच्या कागदाच्या १५० गुंडाळ्या मागवल्या होत्या. बऱ्याच महिन्यांनी मागणी रद्द होऊन परत आली. शेरा असा, की मागितलेली वस्तू कोणती ते ओळखता येत नाही. ११ जून १९४२ रोजी, म्हणजे जाळ्याच्या चाचणीच्या नऊच दिवस आधी, को याने पुरवठा खात्याला एक अत्यंत गंभीर सरकारी पत्र धाडले आणि ओळख पटावी म्हणून सोबत नमुना जोडला. कागदी घोड्यांवर चिडणाऱ्यांना हे पत्र फार आवडते. पण को हा कागद लिहिण्यावर चिडला नव्हता, कागद न वाचणाऱ्यांवर चिडला होता. हा फरक विसरला की सगळी चर्चाच भलत्या वाटेला लागते.

खोलीचा दोष निघाला तरी टॉर्पेडो फुटेनात. २४ जुलै १९४३ रोजी ‘टिनोसा’ पाणबुडीचा कप्तान डॅस्पिट याला ट्रुक बेटांच्या वाटेवर ‘तोनान मारू क्रमांक ३’ हे मोठे तेलवाहू जहाज सापडले. सुरुवातीच्या टॉर्पेडोंपैकी दोन फुटले आणि जहाज जागेवर थांबले. आता समोर हलतही नसलेले लक्ष्य. डॅस्पिटने पाणबुडी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बरोबर काटकोनात आणली आणि एकामागून एक नऊ टॉर्पेडो सोडले. सगळे लागले, एकही फुटला नाही. दुसरा कुणी शिव्या घालून उरलेलाही सोडून मोकळा झाला असता. डॅस्पिटने काय केले? प्रत्येक टॉर्पेडोची वेळ, कोन, कुठे लागला, काय दिसले, हे लिहीत गेला. पंधरा सोडून झाल्यावर उरलेला एक जपून ठेवला आणि तपासणीसाठी पर्ल हार्बरला परत आणला. त्याच्या नोंदींवरून लॉकवुडच्या माणसांनी हवाईच्या कहोओलावे बेटावरच्या कड्यावर टॉर्पेडो डागून पाहिले, क्रेनवरून खाली टाकून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. टॉर्पेडो काटकोनात आदळला की आघाताने फायरिंग पिनच अडकून बसत होती. तिरपा लागला तर फुटत होता. म्हणजे जो कप्तान शिकवल्याप्रमाणे उत्तम नेम साधत होता त्याचाच टॉर्पेडो हमखास फुसका निघत होता. सप्टेंबर १९४३ पर्यंत दोष दूर झाला. युद्ध सुरू होऊन तेव्हा एकवीस महिने होत आले होते. त्या एकवीस महिन्यांत ‘कच्चे कप्तान’ ठरवून पाणबुड्यांवरून उतरवलेल्यांत खरोखर कच्चे किती आणि फुसक्या टॉर्पेडोचे बळी किती, हे आता कोण सांगणार? को सप्टेंबर १९४३ मध्येच ‘सिस्को’ पाणबुडीसह बुडाला.

कागद वाढले म्हणून नौदल बिघडते या तक्रारीला उत्तर द्यायला याहून कठोर उदाहरण आहे. १० एप्रिल १९६३ रोजी ‘थ्रेशर’ ही अमेरिकी अणुपाणबुडी अटलांटिकमध्ये खोल पाण्यातल्या चाचणीत १२९ माणसांसह गेली. त्याआधी काही महिने ती गोदीत होती. तिच्यात चांदीच्या मिश्रधातूने डाखलेले पाइपांचे सुमारे ३,००० जोड होते. ध्वनिलहरींनी जोड तपासण्याची तेव्हा नवी असलेली पद्धत वापरून त्यांतले १४५ तपासले, आणि १४ टक्के कमअस्सल निघाले. उरलेले तपासायचे तर पाइपांवरची आवरणे काढावी लागणार, वेळ जाणार, पाणबुडीला तर समुद्रावर जायचे आहे. तपासणी तिथेच थांबली. पाणबुडी नेमकी कशाने बुडाली यावर अजून वाद आहेत, पण सातात एक जोड वाईट निघालेला असताना बाकीचे न बघता ती बाहेर काढली गेली यावर वाद नाही.

अमेरिकी नौदलाने त्यानंतर जे केले ते कागदद्वेष्ट्यांना न झेपणारे आहे. ‘सबसेफ’ नावाची व्यवस्था त्याच वर्षी आली. पाणी आत येऊ शकेल अशा प्रत्येक ठिकाणचा धातू कुठला, जोड कुणी मारला, कुणी तपासला, चाचणीचा निकाल काय, याचा सह्यांनिशी पुरावा असल्याशिवाय पाणबुडी खोल पाण्यात जाणार नाही. ‘चांगले काम झाले आहे’ हे अनुभवी फोरमनचे तोंडी आश्वासन चालणार नाही. १९१५ ते १९६३ या काळात लढाईशिवाय अन्य कारणांनी त्या नौदलाच्या सोळा पाणबुड्या बुडाल्या होत्या. त्यानंतर आजवर एकच : १९६८ ची ‘स्कॉर्पियन’. तिला सबसेफचा दाखला मिळालेला नव्हता.

आता विरोधकांच्या भात्यातला खरा टोकदार बाण. ते विचारतील, अहवालांनी एवढे होते तर २०१७ मध्ये अमेरिकेच्या सातव्या आरमाराचे काय झाले? प्रश्न रास्त आहे. १७ जून २०१७ च्या पहाटे जपानच्या किनाऱ्याजवळ ‘फिट्झजेराल्ड’ ही विनाशिका एका कंटेनरवाहू जहाजावर आदळली, सात नौसैनिक आपल्या झोपायच्या कक्षात बुडाले. २१ ऑगस्टला सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ एका टँकरसमोर वळली, दहा गेले. जगातले सर्वांत श्रीमंत नौदल, बिघाड कळवण्याची सर्वांत सविस्तर पद्धत, आणि तरी ही गत. ‘फिट्झजेराल्ड’वर एका रडारचा पडदा ताजा ठेवायला नौसैनिकाला तासाला हजारभर वेळा बटण दाबावे लागे, असे पुढे शोधपत्रकारांनी उजेडात आणले. ‘मॅकेन’वरच्या नव्या टचस्क्रीन सुकाणूवर खुद्द कप्तानाचा भरवसा नव्हता. तेव्हा अहवाल असून नसून सारखेच, असा निष्कर्ष काढायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती त्याच प्रकरणाच्या कागदांत आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०१५ मध्येच लिहून ठेवले होते की परदेशी तळांवरच्या जहाजांना सरावाला आणि दुरुस्तीला वेळच दिला जात नाही. जून २०१७ मध्ये जपानस्थित क्रूझर आणि विनाशिकांच्या खलाशांची ३७ टक्के लढाऊ प्रमाणपत्रे मुदत संपलेली होती, त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक पाच महिने किंवा त्याहून जास्त काळ. म्हणजे खालून माहिती येत होती. वर मात्र ती वाचून ‘हे जहाज या आठवड्यात जाणार नाही’ असे म्हणणारा कुणी नव्हता. मुदत संपलेल्या प्रमाणपत्राच्या जागी सवलतीचा कागद जोडायचा, मोहीम पुढे रेटायची, ही रीत पडली होती. आरमाराचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल जोसेफ ऑकॉइन यांना २३ ऑगस्टला पदावरून दूर केले. आपण वरिष्ठांना आधीच सावध केले होते, असे त्यांनी नंतर जाहीर लेखात मांडले. ४०० पौंडांचा आकडा आला की मुंबईत वेग बदलला, समुद्र बदलला, योजना बदलली. जपानमधल्या योकोसुका तळावर आकडे आले आणि काहीच बदलले नाही. दोष घंटेचा नाही. घंटा ऐकून कूस बदलणाऱ्याचा आहे. घंटा काढून टाकल्याने त्याची झोप तेवढी सुखाची होईल.

खोटा किंवा शिळा अहवाल काय करतो, तेही एका प्रकरणात पाहायला मिळते. १२ जुलै २०२० रोजी सॅन दिएगोच्या धक्क्यावर दुरुस्तीसाठी उभी असलेली ‘बॉनोम रिशार’ ही अमेरिकी युद्धनौका पेटली आणि चार दिवस जळत राहिली. चौकशीत निघाले ते असे : जहाजावरच्या आग विझवण्याच्या केंद्रांपैकी ८७ टक्के केंद्रे दुरुस्तीच्या सबबीखाली बंद होती, फेस सोडणारी यंत्रणा सुरू करायचे बटण कुणी दाबलेच नाही, आगीच्या मुळापर्यंत ठरलेल्या वेळेत पोहोचण्याच्या सरावात खलाशी आधी सलग चौदा वेळा नापास झाले होते. चौदा वेळा नापास झाल्याची नोंद कुठे तरी होतीच; पण ती दिसताच जहाजावरचे बाकी काम थांबवावे असे कुणाला वाटले नाही. अब्जावधी डॉलरचे जहाज पुढच्या वर्षी भंगारात निघाले. गोदीतले जहाज सुरक्षित, समुद्रावरचे धोक्यात, हा समज सोडायला हवा, कारण गोदीतच यंत्रणा उघडलेल्या असतात, केबली आडव्या-तिडव्या असतात आणि काय चालू, काय बंद हे तासातासाला बदलत असते. तिथे स्थितीची नोंद ताजी नसली की कुणालाच काही माहीत नसते.

उरली झाकलेली मूठ. जहाजावरचा ऑपडेफ चौकात लावा असे कुणीही म्हणत नाही. तो गुप्तच राहणार आणि राहायला हवा. पण गुप्ततेचे दोन प्रकार एकमेकांत मिसळले जातात. ‘विक्रांत’चा वेग १४ वर आला आहे हे शत्रूला कळू नये, हा झाला पहिला. तो नौदलप्रमुखाला आणि संसदेलाही कळू नये, हा दुसरा, आणि पहिल्याच्या नावाखाली तोच खपवला जातो. जहाजांच्या पाहणी-मंडळाने अनेक जहाजांना वाईट शेरे दिल्याच्या बातम्या २००८ मध्ये झळकल्यावर अमेरिकी नौदलाने ते अहवाल गोपनीय करून टाकले. शत्रू सावध झाला की नाही कोण जाणे; करदात्यांची कटकट मात्र काही काळ थांबली. आपल्याकडेही संरक्षण खात्यावरचे ‘कॅग’चे अहवाल संसदेत मांडले जातात, पण गेल्या काही वर्षांत संकेतस्थळावर चढवले जात नाहीत.

आणि जे अहवाल उघड आहेत ते वाचले की गुप्ततेने काय साधले हा प्रश्न पडतोच. ‘कॅग’ने २०१७ मध्ये सांगितले की २००७-०८ ते २०१५-१६ या काळात भारतीय नौदलात ३८ अपघात झाले, ३३ जणांचे प्राण गेले, दोन जहाजे आणि एक पाणबुडी गमावली. ती पाणबुडी म्हणजे १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या गोदीत अठरा जणांसह स्फोटात गेलेली ‘सिंधुरक्षक’. सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ रोजी, मुंबईजवळच ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत धूर कोंडला आणि दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल देवेंद्रकुमार जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. देशभर त्यांची वाहवा झाली, आणि ती योग्यच होती. पण वरच्या माणसाने खुर्ची सोडली म्हणून खालच्या यंत्रखोलीतल्या नोंदींना उत्तर मिळत नाही. सुरक्षेसाठी नौदलात संस्थात्मक चौकटच नव्हती, ती संघटना २०१४ मध्ये उभी राहिली, हेही त्याच अहवालाने नोंदवले.

कप्तानाला बिघाडांच्या संख्येवर गुण देण्याची खोड मोडायची असेल तर मोजायची गोष्टच बदलावी लागेल. एका जहाजाने वर्षात चाळीस बिघाड कळवले आणि दुसऱ्याने चार, यावरून दुसरे जहाज दहापट चांगले ठरत नाही; बहुधा त्याचा कप्तान बढतीच्या वाटेवर असतो. मोजायचे ते हे, की कळवलेला बिघाड किती दिवस अनुत्तरित राहिला, कोणत्या टेबलावर, आणि सुटा भाग नसल्यामुळे एका जहाजाचा भाग काढून दुसऱ्याला किती वेळा बसवावा लागला. बिघाड कायम असताना जहाज बाहेर पाठवायचे असेल तर पाठवणाऱ्याने आपल्या नावाने, मर्यादा लिहून, सही करावी. १९७१ मध्ये नंदांच्या नौदलाने हेच केले होते. संरक्षणविषयक स्थायी समितीने जहाजांची नावे न विचारता एवढे चार आकडे दर वर्षी बंद दाराआड मागितले, तर शत्रूच्या हाती काही लागणार नाही. लायन गेटच्या आतल्या काही कचेऱ्यांना मात्र त्या दिवसापासून जहाजांची पत्रे उघडून वाचावी लागतील.